विवाहापूर्वीचे सत्यकथन : कायदा व कर्तव्य

(संघाच्या वार्षिक संमेलनात, वधू-वर परिचय मेळाव्याच्या आदल्या दिवशी पालकांपुढे केलेले भाषण)



संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी मला केली, तेव्हा मी 'शिस्त व संस्कार' या विषयावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी कोणी करावी? मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. वकील नव्हे आणि वैद्यही नव्हे. तरीही आज मी जो विषय निवडला आहे तो कायद्याचा आहे व आरोग्याचाही आहे. शरीरसंबंधातून जडणारे जे रोग, ज्यांना आपल्याकडे 'गुप्तरोग' म्हणण्याची चाल आहे, ते आपल्याला असल्याचे ठाऊक असणाऱ्याने आपल्या जोडीदारास ते सांगण्याविषयी कायदा काय म्हणतो, हा तो विषय होय.

स्त्रीपुरुषांच्या एकत्र सभेत हे बोलणे शोभते काय, असा प्रश्न काही वडीलधाऱ्यांच्या मनात आला असेल. माझ्याही मनात तो पुष्कळ वर्षे होता. त्या संकोचापायी एका मुलीचे जे नुकसान झाले त्याला मीही एक कारण आहे, म्हणून आज बोलतो. ती हकीकत प्रथम सांगतो. तिच्या संमतीनेच सांगतो, आणि तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

सन २००३ च्या सुमारास माझ्या एका विद्यार्थिनीचे लग्न माझ्या मध्यस्थीने ठरले. मुलगा मुंबईस नोकरीला, निर्व्यसनी, घरचे बरे. पत्रिका जुळली, देण्याघेण्याचे ठरले, साखरपुडा झाला. निमंत्रणपत्रिका छापून आल्या आणि पाकिटांवरील नावेसुद्धा मीच माझ्या हस्ताक्षरात घातली. लग्नाला आठ दिवस उरले असता एका रात्री मुलाचे चुलते माझ्या अंगणात येऊन बसले व हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, मुंबईत त्याचं रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी काही दोष सांगितला होता. आता तब्येत उत्तम आहे. लग्न झालं की सगळं मार्गी लागेल. तुमच्या कानावर असावं म्हणून सांगितलं."

कसला दोष, हे मी विचारले नाही. विचारले नाही, कारण मला अंदाज आला होता. दुसऱ्याच्या घरचे गुपित, मुलीच्या बापाने काढलेले कर्ज, वाटून झालेल्या पत्रिका, असे सगळे मनाशी घोळवीत मी गप्प राहिलो आणि आठव्या दिवशी मांडवात अक्षता टाकल्या.

दोन वर्षांनी पहिल्या बाळंतपणाच्या वेळी सरकारी रुग्णालयात तिचे रक्त तपासले आणि तिला एच.आय.व्ही.ची बाधा असल्याचे निघाले. डॉक्टरांनी वेळीच औषध दिल्यामुळे मूल बाधेपासून वाचले, ही ईश्वराची व विज्ञानाची कृपा. त्यानंतर दोन वर्षांनी नवरा वारला. सासरच्यांनी तिच्यावरच ठपका ठेवला. आणि ज्या ज्ञातीतील एकाही माणसाने लग्नापूर्वी तिला एक अक्षर सांगितले नव्हते, त्याच ज्ञातीत महिन्याभरात ही वार्ता घरोघर पोहोचली. हळदीकुंकवाचे तिचे बोलावणे बंद झाले. पुढे एकदा ती माझ्या घरी आली. चहा घेतला, मुलाचे कौतुक सांगितले आणि निघताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "गुरुजी, तुम्हांला ठाऊक होतं का?"

मी "होय" म्हटले. ती काही बोलली नाही. नमस्कार करून गेली.

बंधुभगिनींनो, या हकीकतीत एक गोष्ट उघड दिसते. जिला कळावयास हवे होते तिच्यापासून रोग गुप्त राहिला आणि ज्यांना कळण्याचे काही कारण नव्हते त्यांच्यात तो जाहीर झाला. 'गुप्त' या शब्दाचा आपण असा उलटा अर्थ केला आहे. कायद्याचा रोख नेमका याच्या विरुद्ध आहे : जोडीदाराला सांगा आणि इतरांपासून झाका. हे कसे, ते आता क्रमाने पाहू.

आपल्या देशातील दंडसंहिता १८६० सालची. तिच्या २६९ व २७० या कलमांत जिवाला धोकादायक अशा रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव असलेले कृत्य हा गुन्हा ठरविला होता. निष्काळजीपणाने केल्यास सहा महिन्यांपर्यंत व दुष्ट बुद्धीने केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास. दिनांक १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून हीच तरतूद आता २७१ व २७२ या कलमांत आहे.

तथापि या कलमांचा उपयोग अशा रोगांच्या बाबतीत सहजासहजी झाला नाही. १८८६ साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. उपदंश, म्हणजे ज्याला आपण गरमी म्हणतो, तो रोग असलेल्या एका वेश्येकडून एका पुरुषास बाधा झाली. न्यायालयाने तिला २६९ कलमाखाली दोषी धरले नाही. दुसरी व्यक्ती स्वतः जाणती व जबाबदार असून त्या कृत्यात भागीदार आहे, असा त्यामागील विचार होता. इंग्लंडात १८८८ साली याहून कठीण प्रसंग आला. स्वतःस परमा झाल्याचे ठाऊक असता एका नवऱ्याने ते लपवून बायकोला बाधा दिली. तेथील न्यायाधीशांनी बहुमताने त्याची शिक्षा रद्द केली. तो विचार तेथे पुढे शंभराहून अधिक वर्षे प्रमाण मानला गेला व २००४ साली न्यायालयाने तो टाकून दिला. संमती शरीरसंबंधाला असली तरी ती रोगाच्या धोक्यालाही असते असे नव्हे, हे तत्त्व त्या वेळी स्पष्ट झाले.

साध्या भाषेत सांगावयाचे तर, ज्याला ठाऊकच नाही तो भागीदार कसला? माझ्या विद्यार्थिनीने मांडवात होकार दिला तो संसाराला. जी गोष्ट तिला सांगितलीच नव्हती, तिला तिने होकार दिला असे कोण म्हणेल?

आता विवाहाच्या कायद्याकडे वळू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या १३ व्या कलमात, जोडीदारास संसर्गजन्य स्वरूपाचा गुप्तरोग असणे हे घटस्फोटाचे एक कारण सांगितले आहे. आरंभी हा रोग निदान तीन वर्षे असला पाहिजे अशी अट होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. त्याच दुरुस्तीने १२ व्या कलमातही महत्त्वाचा बदल केला. वराविषयी अथवा वधूविषयी एखादी महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने संमती मिळविली असेल, तर तो विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो. मात्र फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे, आणि कळल्यानंतर स्वखुशीने एकत्र नांदलेले असता कामा नये. ही मुदत पुष्कळ मुलींच्या आईवडिलांना ठाऊक नसते. 'बघू, पुढे सुधारेल' असे म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. सबब ती ध्यानात ठेवावी.

यानंतर १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल सांगितला पाहिजे. निकालपत्रात त्या गृहस्थाचे नाव नाही, तो केवळ 'क्ष' आहे. हा स्वतः डॉक्टर. चेन्नईच्या एका रुग्णालयात दुसऱ्या रुग्णासाठी रक्त देताना त्याला एच.आय.व्ही.ची बाधा असल्याचे आढळले. त्याचे लग्न ठरले होते. ही गोष्ट रुग्णालयाकडून बाहेर गेली व लग्न मोडले. समाजाने वाळीत टाकल्यामुळे आपल्याला गाव सोडून दूर येऊन राहावे लागले, असे सांगून त्याने नुकसानभरपाई मागितली. न्यायालयाने ती मान्य केली नाही. रुग्णाचे गुपित राखणे हे वैद्याचे कर्तव्य खरे, परंतु ज्या मुलीशी विवाह व्हावयाचा तिच्या जिवाचा व आरोग्याचा हक्क त्याहून वरचढ ठरतो, असा तो निर्णय होता. अशा रोग्याला विवाहाचा हक्कच नाही, अशा आशयाची जी विधाने त्या निकालात आली होती, ती मात्र २००२ साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने अनावश्यक ठरविली.

या दोन्ही निकालांतून घेण्याजोगा बोध असा की बाधा असलेल्या माणसाचा विवाहाचा हक्क कोणी हिरावून घेतलेला नाही. ज्याच्याशी विवाह करावयाचा त्याचा जाणून घेण्याचा हक्कही तितकाच खरा आहे.

हाच तोल सांभाळून संसदेने २०१७ साली एच.आय.व्ही. व एड्स यांच्या प्रतिबंधाचा कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. त्यातील चार गोष्टी प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्याव्यात.

पहिली : ज्याला बाधा असल्याचे माहीत आहे व ती कशी पसरते हेही समजावून दिलेले आहे, त्याने ती दुसऱ्यास होऊ नये म्हणून सर्व वाजवी खबरदारी घेतली पाहिजे. धोका कमी करण्याचे उपाय योजणे अथवा संबंधापूर्वी जोडीदारास आगाऊ सांगणे, हे दोन्ही या खबरदारीत येते. हे दहावे कलम.

दुसरी : रुग्ण सांगत नसेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदारास सांगू शकतो. पण केव्हा? जोडीदारास बाधेचा मोठा धोका आहे अशी त्याची वाजवी खात्री असली पाहिजे, 'तूच सांग' असे त्याने रुग्णास समजावलेले असले पाहिजे, तो सांगणार नाही हे स्पष्ट झालेले असले पाहिजे, आणि 'आता मी सांगणार' अशी पूर्वकल्पना रुग्णास दिलेली असली पाहिजे. मग जोडीदारास समोर बसवून, धीर देऊन सांगावयाचे. रुग्णालयातील इतर कोणालाही हा अधिकार नाही. हे नववे कलम.

तिसरी : सांगितल्यामुळे मारहाण होईल, घराबाहेर काढतील, अशी वाजवी भीती असलेल्या स्त्रीला या दोन्ही कलमांत संरक्षण दिले आहे. कायदा करणाऱ्यांना आपली घरे चांगली ठाऊक होती, असे मला हे वाचताना वाटले. पुरुषाने लपविले तर 'झाकली मूठ' म्हणावयाचे आणि बाईला बाधा निघाली की तिचे चारित्र्य काढावयाचे, ही आपली जुनी खोड आहे.

चौथी : विश्वासाने कळलेली दुसऱ्याची अशी माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. तपासणीही समजून उमजून दिलेल्या संमतीवाचून करता येत नाही. अशा माणसांविषयी द्वेष पसरविणाऱ्यास तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बाधित स्त्रीला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. याशिवाय आपल्या महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, हेही ज्ञातिसंस्थांनी विसरू नये.

उपदंश, परमा, कावीळ 'ब' इत्यादी रोगांसाठी मात्र असा स्वतंत्र कायदा नाही. तेथे दंडाची सर्वसाधारण कलमे व विवाहाचा कायदा यांवरच भिस्त आहे. पण कायदा अपुरा पडला म्हणून कर्तव्य अपुरे पडत नाही.

सांगितल्याने काय साधते, असे कोणी विचारील. फार साधते. उपदंश पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने बरा होतो. पण उपचार दोघांचेही व्हावे लागतात, नाहीतर एकाकडून दुसऱ्यास पुन्हा बाधा होते. उपदंश लपविला तर गर्भातील बाळालाही तो होतो. 'ब' काविळीवर लस आहे. वेळीच कळले तर जोडीदार ती घेऊ शकतो. एच.आय.व्ही. समूळ बरा होत नसला तरी त्यावरील औषधे शासन १ एप्रिल २००४ पासून टप्प्याटप्प्याने विनामूल्य देत आले आहे. ती नियमाने घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके खाली आले व तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदारास बाधा होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. आईच्या उपचारांनी मूलही निरोगी जन्मास येते. म्हणजे ज्या भीतीपोटी आपण लपवितो, तिच्यातील पुष्कळ भीती औषधाने केव्हाच दूर केली आहे. ती फक्त आपल्या मनातून गेलेली नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. ही बाधा म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. ती दूषित सुईने होते, दूषित रक्ताने होते, आईकडून लेकराला होते आणि निष्पाप पत्नीला पतीकडून होते. रोग्याला आपण गुन्हेगार मानू लागलो की तो तोंड उघडीत नाही. तेव्हा सत्य ऐकावयाचे असेल तर ऐकणाऱ्याने आधी आपला चेहरा सौम्य केला पाहिजे. शाळेतील हा माझा अडतीस वर्षांचा अनुभव आहे. छडी हातात घेऊन विचारले की खरे उत्तर कधीच मिळत नसे.

ज्येष्ठ पौर्णिमेला आपल्या भगिनी वडाची पूजा करतात. ज्या सावित्रीची ती कथा, तिला सत्यवानाचे आयुष्य एकच वर्ष उरले आहे हे नारदांनी भर सभेत, तिच्या पित्यासमक्ष, विवाहापूर्वी सांगितले होते. कोणी ते झाकून ठेवले नाही. ऐकून तिने विचार केला आणि आपला निश्चय कायम ठेवला. तिचे पातिव्रत्य आपण वर्णितो, परंतु तिला माहिती देऊन निवड करू दिली होती, हे विसरतो. माहीत असून स्वीकारणे हा त्याग होय. माहीत नसताना गळ्यात बांधणे ही फसवणूक होय. पहिल्याचे पुण्य दुसऱ्याला लागत नाही.

उद्या मेळावा आहे. मुलामुलींचे शिक्षण, पगार, उंची, गोत्र, घर स्वतःचे की भाड्याचे, हे सर्व आपण विचारू. त्या अनुषंगाने तीन नम्र सूचना करतो.

एक, पसंती झाल्यावर आणि साखरपुड्यापूर्वी मुलामुलींना एकांतात बोलू द्यावे व दोघांनीही आपखुशीने तपासणी करून परस्परांस दाखवावी. दोघांनीही, हे महत्त्वाचे. केवळ मुलीचा कागद मागणे हा अपमान आहे. सरकारी रुग्णालयांतील केंद्रांत एच.आय.व्ही.ची तपासणी मोफत होते, माहिती गुप्त राहते आणि १०९७ या दूरध्वनीवर विनामूल्य सल्लाही मिळतो. बाधा अगदी ताजी असेल तर ती तपासणीत दिसत नाही, म्हणून शंका असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. कागदाने विश्वासाची जागा घेऊ नये.

दुसरी सूचना संघाला. असे कागद संघाने मागू नयेत, जमवू नयेत आणि परिचयपुस्तिकेत त्यांचा रकाना ठेवू नये. ही माहिती दोन माणसांची आहे, ज्ञातीची नव्हे.

तिसरी सूचना सर्वांना. ज्याला सत्य सांगितले त्याला नकार देण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु नकाराचे कारण त्याने पोटात ठेवावे. 'पत्रिका जुळली नाही' एवढे म्हणणे आपल्याला चांगले जमते. त्या सबबीचा एवढा सदुपयोग दुसरा नाही.

आणि माझ्यासारख्या मध्यस्थांनी काय करावे? ऐकलेले गावभर सांगू नये, हे तर झालेच. पण मुकाट्याने अक्षताही टाकू नयेत. मी त्या रात्री चुलत्यांना एवढेच म्हणावयास हवे होते : "मुलाला घेऊन उद्या माझ्याकडे या. ही गोष्ट तोच तिला सांगेल, मी बाहेर बसतो. तो सांगणार नसेल तर या लग्नात मी नाही, आणि का नाही असे मुलीने विचारले तर मी खोटे बोलणार नाही." एवढी दोन वाक्ये माझ्या तोंडून निघाली असती तर लग्न कदाचित मोडले असते, कदाचित झालेही असते. कसेही झाले असते तरी तो निर्णय तिचा असता.

ती आज औषधे नियमाने घेते, स्वतःच्या पायांवर उभी आहे, मूल महाविद्यालयात शिकत आहे. 'गुरुजी, सभेत सांगा. नाव तेवढं घेऊ नका,' असे तिनेच मला सांगितले. मी तिच्या लग्नाच्या वेळी बोललो नाही. आज तिच्या सांगण्यावरून बोललो. उद्या या सभागृहात आपली मुलेमुली समोरासमोर बसतील, तेव्हा त्यांच्यातील एकालाही पुढे आपल्या वडीलधाऱ्यांना 'तुम्हांला ठाऊक होतं का?' असे विचारावे लागू नये, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.